बायकोची उत्तरं

मला कोणालाही माफ करायचं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे शेवटी काहीतरी गोड निघेल या आशेने कोणी वाचत बसायला नको. माझी बायको मेली. ती कोणामुळे मेली ते मला माहीत आहे. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या तोंडून मला एकच वाक्य ऐकायचं होतं, "तिला विचारलं नाही." बस. पैसा नको, कोर्ट नको, पेपरात फोटो नको. एवढं एक वाक्य वदवून घ्यायला मी लोखंडी बत्ता पिशवीत घालून हिंडलो. कोण बोललं आणि कोण अजून बोललं नाही, ते लिहितो.

मी चौथी शिकलेला माणूस. जन्म शहादा तालुक्यातल्या काळ्या जमिनीत गेला. घरात आम्ही अहिराणी बोलतो, कागदावर शाळेतली मराठी येते, येते तेवढी. घरातलं बोलणं घरातल्यासारखंच लिहीन.

सुरुवात माझ्या डोळ्यापासून करावी लागते. माझा डोळा वाचला नसता तर कदाचित ती मेली नसती.

मला साखर आहे, बरीच जुनी. तीन वर्षांमागे शहाद्याला डोळ्यांचं शिबीर लागलं. सून म्हणाली, "नाना, जाईसन या, बसल्या जागी तपासनी शे." गेलो. टेबलावर एक डबा, त्यावर हनुवटी टेकवायची. तिथल्या बाईने डोळ्याचा फोटो काढला, तो कॉम्प्युटरने पाहिला, आणि चहा थंड व्हायच्या आत पडद्यावर लाल अक्षरं आली. डॉक्टर त्या खोलीत नव्हताच. बाई म्हणाली, "बाबा, उजव्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्त झिरपतंय असं मशीन सांगतंय. धुळ्याला जा, लेझर करून घ्या."

मला तर सगळं चांगलं दिसत होतं. लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचत होतो. मी म्हटलं, येडं शे ते मशीन. पण बायको मागे लागली. आठ दिवस जेवायला वाढताना तेच, "धुयाले कवय जाशात?" शेवटी गेलो. धुळ्याच्या डॉक्टरने भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, अजून सहा महिने थांबला असतात तर काठी घेऊन चालला असतात."

त्या दिवसापासून मी त्या मशीनचा भगत झालो. दूध डेअरीवर, पपईची गाडी भरताना, कोणाच्या दहाव्याला गेलो तर तिथेसुद्धा, माणूस दिसला की सुरू व्हायचो. डॉक्टर दमतो, डॉक्टरला घरी जायची घाई असते, डॉक्टरचं बायकोशी भांडण झालेलं असतं. मशीनला बायको नाही. मशीन थकत नाही. म्हसावदला माझा साडू राहतो, त्यालाही ओढत नेलं. त्याचे डोळे ठणठणीत निघाले. परत येताना सगळा रस्ता तो मला शिव्या देत होता, की हनुवटी टेकवायला दिवस वाया घालवला.

हे लिहितोय तेही त्याच डोळ्याने. म्हणून मशीनने कोणाचं भलं केलं नाही असं मी म्हणणार नाही. खोटं बोलून सूड घेता येत नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शेतात मिरची वाळायला पसरलेली होती. लाल सतरंजी अंथरल्यासारखं दिसतं, पण जवळ जाऊन बसा म्हणजे कळतं. मिरचीच्या दिवसांत आमच्याकडे सगळा गाव खोकतो. नाक गळतं, डोळे चुरचुरतात, छाती भरून येते. त्याला कोणी आजार म्हणत नाही, मिरचीचे दिवस म्हणतात. बायको सकाळपासून देठ खुडायला बसायची. वय अडुसष्ट, पण हात पोरीसारखे चालायचे.

त्या आठवड्यात तिच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. मी विचारलं तर म्हणाली, "दाढ ठणकी ऱ्हायनी."

"चाल मंग, काढी टाकू."

"ऱ्हाऊ द्या. पह्यले मिरची उचली लेऊ."

मग एके दिवशी दुपारी तिने हात थांबवला आणि पाठीमागे हात नेऊन बसली. "आयकतस का, पाठमा काहीतरी भरी ऊनं शे."

मी म्हटलं, "दिनभर वाकीसन देठं खुडस, मंग पाठ भरी नही तं काय व्हई?"

ती हसली. माझ्या असल्या बोलण्यावर ती नेहमी हसायची, म्हणून मला वाटायचं मी बरोबर बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या तिला घामाने अंघोळ झाली. थंडीचे दिवस, मी घोंगडी घेऊन बसलेलो आणि हिच्या पाठीला लुगडं चिकटलेलं. सून घाबरली. मी म्हटलं, चला, मशीनवाल्या दवाखान्यात जाऊ.

त्या गावाचं नाव सांगत नाही, आमच्या बाजाराचं गाव आहे एवढंच समजा. तिथे पूर्वी एक जुना डॉक्टर होता. तो आधी मनगट धरायचा. बाई पेशंट असली की नवऱ्याला म्हणायचा, "तू भायेर जाय, बिडी पी." मी म्हणायचो मी बिडी पीत नाही. तो म्हणायचा, "मंग तसाच उभा ऱ्हाय, पन भायेर ऱ्हाय." तो मेला. त्याच्या जागेवर आता काचेच्या दाराचा दवाखाना आहे, एक तरुण डॉक्टर, आणि दारावर पाटी: येथे एआय तपासणी होते. एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, माणसाने बनवलेली अक्कल. ती पाटी पाहूनच मी बायकोला तिथे नेलं. दुसरीकडे नेलं असतं तर त्या डॉक्टरने निदान हात तरी लावला असता.

दारातच टेबल, टेबलावर उभा केलेला टॅब, आणि बाजूला एक पोरगी, विशीतली, गळ्यात ओळखपत्र. ती आमच्याच बाजूच्या गावची, बाहेर अहिराणी बोलते, आत आली की शुद्ध. टॅब प्रश्न विचारतो, आपण बोललेलं उत्तर तोच ऐकून लिहून घेतो, आणि शेवटी रंग दाखवतो. लाल आला तर लगेच मोठ्या दवाखान्यात. पिवळा आला तर आत नेऊन छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढतात. हिरवा आला तर गोळ्या घ्या आणि घरी जा. छातीची पट्टी काढायचं मशीन शेजारच्याच खोलीत होतं. दार उघडं होतं, मला ते दिसत होतं.

पोरीने बायकोकडे बघितलं. "मावशी, तुम्ही सांगायचं हं."

मी म्हटलं, "तिले काय इचारस, माले इचार. पंचेचाळीस वरीस व्हयनात. तिन्हं काय दुखस ते माले मालूम नही का?"

बाकावरची माणसं हसली. पोरगीही हसली. तिने पडद्यावर कुठेतरी बोट टेकवलं आणि टॅब माझ्याकडे वळवला.

आमच्यात असंच आहे. दवाखान्यात बाई बसते, नवरा बोलतो. माझा बाप माझ्या आईसाठी बोलायचा. परक्या माणसापुढे बाई आपल्या अंगाचं बोलत नाही, घरधनी सांगतो आणि ती मान हलवते. यात मला कधी वावगं दिसलं नाही. उलट मला ते काळजी घेणं वाटायचं.

टॅबातून बाईचा आवाज आला, रेडिओच्या बातम्यांसारखा. "आपणास छातीत वेदना होत आहेत का?"

"नही." तिने छाती कधी धरली नव्हती. पाठ धरली होती.

"आपणास श्वास घेण्यास त्रास होतो का?"

"नही." मिरचीत सगळ्यांनाच लागतो तो दम, त्याचं काय सांगायचं.

"जबडा, मान किंवा डाव्या हातात दुखते का?"

"नही." तिची तर दाढ होती.

"विनाकारण घाम येतो का?"

चुलीपुढे बसलेल्या बाईला घाम येतो, त्याला कारण आहे. "नही."

एवढ्यात बायकोने माझी बाही ओढली. पदराआडून हळूच म्हणाली, "आयकतस का…"

मी म्हटलं, "थांब. मशीन इचारी ऱ्हायनं."

हे चार शब्द मी आता दिवसातून किती वेळा ऐकतो ते मलाच माहीत. भाकर मोडताना ऐकतो. बैलाला पाणी दाखवताना ऐकतो. ती काय सांगणार होती ते मला कधी कळणार नाही.

"जेवणानंतर जळजळ होते का?"

"हा. पित्त शे तिले, पह्यलेपासून." एवढ्या एकाच प्रश्नाला मी हो म्हटलं.

हिरवा रंग आला. डॉक्टरने आतल्या दारातून मान काढली, पडद्याकडे बघितलं, "पित्त आहे, घाबरू नका" म्हणाला आणि मान आत घेतली. बायकोकडे बघितलं की नाही, मला आठवत नाही. मी पण पडद्याकडेच बघत होतो. हिरवा रंग बघून मला आनंद झाला होता. बाहेर येऊन मी तिला म्हटलं, "देखं? मशीन कधी चुकस नही."

ती म्हणाली, "हा."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती मिरचीच्या कडेला बसल्या बसल्या एका कुशीवर कलंडली. गाडीत घालून नंदुरबारला नेलं. ती रस्त्यातच गेली. तिथल्या डॉक्टरने सुनेला विचारलं, "हृदयाचा झटका आहे. दोन-चार दिवसांपासून त्रास असणार. पाठ, जबडा, घाम, काही नव्हतं का?" सून माझ्याकडे बघत राहिली. मी भिंतीकडे.

तेरावा झाला, पाहुणे गेले, मुलगा सुरतला कामावर परत गेला. मी स्वयंपाकघरात गेलो, तिच्या खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि कापडी पिशवीत टाकला. त्या बत्त्याची मूठ तिच्या हाताने गुळगुळीत झालेली होती. तो टॅब त्या बत्त्याने फोडायचा, पोरीच्या आणि डॉक्टरच्या डोळ्यांदेखत, मग पुढचं पुढे, असं मी ठरवलं होतं.

बाजाराच्या दिवशी दवाखान्यात जाऊन बसलो. नंबर आला तेव्हा आत शिरलो आणि डॉक्टरसमोर उभा राहिलो.

"बाबा, झालं ते वाईट झालं," तो म्हणाला. "पण सिस्टीमने धोका कमी दाखवला होता."

"सिस्टीम कोण?"

"म्हणजे मशीन. तुम्ही दिलेल्या माहितीवरून ते अंदाज काढतं. मशीन फक्त मदत करतं, बाबा. निर्णय शेवटी डॉक्टरचाच असतो."

"मग डॉक्टर कुठं होता?"

"मी इथंच होतो."

"तेच म्हणतो मी."

त्याचे कान लाल झाले. पिशवीत माझा हात बत्त्यावर होता. तेवढ्यात तो म्हणाला, "हवं तर रेकॉर्ड दाखवतो. सगळे प्रश्न, सगळी उत्तरं त्यात आहेत. तुम्हीच बघा आमचं काय चुकलं." त्याला वाटलं म्हातारा कागद घेईल आणि जाईल. मला वाटलं, बरं झालं, पुरावा हातात देतोय. मी बत्ता सोडला आणि कागद घेतला. टॅब कुठे पळून जाणार नव्हता.

घरी ओट्यावर बसून वाचायला लागलो. अक्षर बारीक. डाव्या डोळ्याने जमेना, लेझर केलेल्या उजव्याने वाचलं. वर तिचं नाव, वय, स्त्री. त्याखाली पहिली ओळ: रुग्ण स्वतः उत्तरे देत आहे का? पुढे: होय.

मी मोठ्याने ओरडलो. सून हातात पीठ घेऊनच बाहेर आली. "काय व्हयनं, नाना?"

"हाई देख. खोटं लिखेल शे. कोन बोली ऱ्हायनं व्हतं तठे? ती बोली का? सांग, ती एक शबूद तरी बोली का?"

सुनेने कागद घेतला नाही. उभी राहूनच वाचला, खालपर्यंत. छाती, नाही. श्वास, नाही. जबडा, नाही. घाम, नाही. मग खाली बसली आणि पीठ हातावरच चोळत म्हणाली, "नाना, रागे भरू नका. मायनी माले सांगं व्हतं. दाढ नही, आख्खा जबडा भरी येस म्हने. न्हानीमा जाताना दम लागस म्हने."

"मंग माले का नही सांगं?"

"तुम्ही म्हनतस मिरची शे."

मी कागद मांडीवर उलटा ठेवला.

"आनि मी समजनू, दवाखानामा ती सोता सांगी." सून रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. "मी या घरमा उनू तठपासून देखस. मायले कोनी काही इचारं का उत्तर तुम्ही दिधं. पाहुना इचारस, कशी शे वहिनी, तं तुम्ही म्हनतस, चांगली शे. मायनं तोंड उघडं ऱ्हाई जाय. आज भाजी काय करू, इतलंच ती तुमले इचारे. बाकी तिले काय सांगानं व्हतं, ते ती भांड्यास्ले सांगे."

एवढं बोलून ती उठून गेली. त्या दिवशी तिने मला जेवायला हाक मारली नाही, ताट ओट्यावर आणून ठेवलं.

मी कागद पुन्हा वाचला. त्यातले सगळे "नाही" माझे होते. माझ्या घोगऱ्या आवाजातले. मग माझा राग वेगळ्या अंगाने पेटला. मी चुकलो, ठीक. मी चौथी शिकलेला, मी बापाचं बघून शिकलो. पण त्या टॅबला अक्कल आहे म्हणून पाटी लावलीय ना? वर लिहिलंय स्त्री. उत्तर देतोय पुरुष. बहिऱ्या माणसालाही कळेल की हा आवाज बाईचा नाही. त्याला कसं कळलं नाही? माझ्या डोळ्यात मशीनने स्वतः पाहिलं होतं. तिच्या बाबतीत त्याने फक्त ऐकलं, आणि तेही माझं. पाहणाऱ्या मशीनवरचा विश्वास मी ऐकणाऱ्या मशीनला देऊन टाकला. दोन्ही मशीन मला एकच वाटत होती.

पुढच्या बाजाराला पुन्हा गेलो, पिशवी घेऊन. दुपारी दवाखाना बंद व्हायची वेळ. टॅबवाली पोरगी पायरीवर डबा खात बसली होती. मी तिच्यापुढे कागद धरला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हाई 'होय' कोनी करं?"

तिने घास खाली ठेवला. "मी करं, बाबा."

"का बरं?"

"'नही' दाबं तं ते पुढे जात नही. रुग्णाला एकट्याने बसवा, पुन्हा सुरू करा, असं सांगस. भायेर इतला लोके बठेल ऱ्हातस. डॉक्टर वरडस, हात चालाडा म्हने. बठासनं 'होय'च करतस आम्ही." "मी मावशीले इचारं नही, बाबा. मी इचाराले पाह्यजे व्हतं."

वाक्य आलं. ज्या वाक्यासाठी मी बत्ता घेऊन फिरत होतो ते एका पोरीने डब्यातला भात मांडीवर ठेवून म्हटलं, आणि मला काहीच वाटलं नाही. थंडही नाही की गरमही नाही. कारण माझ्या डोक्यात पोरीचं दुसरंच बोलणं घुमत होतं. रुग्णाला एकट्याने बसवा. म्हणजे त्या दिवशी त्या खोलीत, बायकोला विचारा असं म्हणणारं ते मशीनच एकटं होतं. आम्ही तिघांनी मिळून त्याचं तोंड बंद केलं. पोरीने बोटाने, डॉक्टरने घाईने आणि मी माझ्या जिभेने.

मग मी पायरीवरच म्हटलं. पोरीला नाही, बायकोला. आकाशाकडे बघून बिगून नाही, कागदाकडे बघून म्हटलं, "मी तुले इचारं नही." पोरगी समोर होती म्हणून, नाहीतर आणखी काही बोललो असतो.

टॅब मी फोडला नाही. फोडावा असं अजूनही वाटतं. ज्याला आवाजातला बाई-पुरुष कळत नाही त्याने हिरवा रंग दाखवू नये, माझं मत बदललेलं नाही. पण तो फोडला तर डॉक्टर सुटतो. दुसऱ्या दिवशी नवा आणून ठेवेल आणि सगळ्यांना सांगेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती, ती मी नंतर वाचली: डॉक्टरांनी पडताळणी केली का? होय. ते 'होय' मशीनने केलेलं नाही. नुसती मान दारातून काढून केलेलं आहे.

म्हणून मी दर बाजाराला जाऊन त्या दवाखान्यात बसतो. टॅबच्या समोरच्या बाकावर. कागद प्लास्टिकमध्ये घालून घेतलाय, तो मांडीवर ठेवतो. कोणी विचारलं तर वाचायला देतो. डॉक्टरने एकदा मला उठवायला माणूस पाठवला. मी त्याला म्हटलं, "साखरना पेशंट शे, नंबर लायेल शे." नंबर खरंच लावतो. माझी पाळी आली की मागच्या माणसाला पुढे जाऊ देतो.

तिसऱ्या की चौथ्या बाजाराची गोष्ट. एक तिशीतला गडी आला, बोटात मोटरसायकलची चावी फिरवत. मागे बायको, पदर नाकापर्यंत. पोरीने टॅब बायकोकडे वळवला. गडी म्हणाला, "तिले काय इचारस ताई, माले इचारा, मी सांगस."

माझ्या कानात कोणीतरी तापलेलं तेल ओतल्यासारखं झालं. मी उठलो, पिशवीतून बत्ता काढला आणि टेबलावर ठेवला. आपटला नाही, पण लोखंड आहे, आवाज व्हायचा तेवढा झाला.

"भायेर निंघ," मी म्हटलं.

"तू कोन रे डोकरा? मन्ही बायको शे ती."

"मन्ही बी व्हती."

त्याने बत्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "येडा शे का हाई?" तो बाकावरच्या लोकांना म्हणाला. कोणी हसलं. मग कोपऱ्यातली एक जाडजूड म्हातारी म्हणाली, "अरे जाय ना रे भो भायेर. तुन्ही बायकोले कोनी खाई नही जाई. तंबाखू मय, जाय."

गडी पाय आपटत बाहेर गेला. टॅबवाल्या पोरीने माझ्याकडे बघत पहिल्या प्रश्नावर बोट ठेवलं, आणि या वेळी खरं 'होय' दाबलं. टॅब बोलला, "आपणास छातीत वेदना होत आहेत का?"

त्या बाईने पदर जरा मागे केला. टॅबकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि हळू पण ठाम आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही बी भायेर जा ना."

म्हातारी खदाखदा हसली. मी बत्ता उचलला आणि काचेचं दार ढकलून बाहेर आलो.

पायरीवर तो गडी चावी फिरवत उभा होता. मला बघून म्हणाला, "तुले बी काढं का?"

"हा."

"काय सांगी ऱ्हायनी ती?"

"माले काय मालूम," मी म्हटलं. "तिले मालूम."

आम्ही दोघं बराच वेळ तिथे उभे राहिलो. काचेतून दिसत होतं, ती बोलत होती. एकदा थांबली, पुन्हा बोलली. टॅबवर पिवळा रंग आला, तेव्हा डॉक्टर खुर्चीतून उठून बाहेर आला आणि तिचं मनगट धरलं. पिवळा कशासाठी आला ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. गड्याची चावी फिरायची थांबली होती.

आत जाताना डॉक्टरची नजर काचेतून माझ्यावर पडली. तो नेहमी माझ्या पायांकडे बघतो, चपलेत काही शोधल्यासारखं. त्या दिवशीही तसंच केलं. पोरगी बोलली आहे. मी बोललो आहे, आता रोज बोलतो, सकाळी बायकोच्या फोटोपुढे लवंग ठेवताना. मशीन तर आधीच बोललं होतं. राहिला तो एकटा.

मंगळवारी पुन्हा बाजार आहे. मी जाणार आहे. सुनेला विचारलं, बत्ता नेऊ का, की तुला स्वयंपाकाला लागेल. ती म्हणाली, "माले लागस, नाना. घरमा ठेवी जा." म्हणून या वेळी नुसता कागद नेईन.